गाडी 'मस्त पळते' म्हणजे नेमकं काय? एका बुटक्या मोटारसायकलीचा धडा



पीएचडीच्या प्रवेश परीक्षेत 'स्वतंत्र चल, आश्रित चल, नियंत्रित चल' यावर प्रश्न हमखास असतो. व्याख्या मीही पाठ केल्या होत्या. अर्थ मात्र कळला तो एका जुन्या लुनामुळे.

लुना म्हणजे १९७२ साली आलेली कायनेटिकची ५० सीसीची टू-स्ट्रोक मोपेड. ब्रह्मपुरीला घरी पडून असलेल्या लुनाचं इंजिन काढून मी आणि मामेभावाने लहान चाकांची, बुटकी मोटारसायकल जोडली. असा बदल करून गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणून टेस्ट राइड फक्त ओळखीच्या राइस मिलच्या मोकळ्या आवारात, हेल्मेट घालून.

मे महिना, दुपारचे चार, पारा ४४ च्या आसपास. गाडी जड चालत होती, प्लग काळा पडत होता. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. आम्ही कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर लहान बसवला. त्याच दिवशी मागचं स्प्रॉकेटही मोठं केलं. गाडी एकदम उचलायला लागली! मी वही काढली, तर भाऊ म्हणाला, "दादा, पळते ना मस्त? मंग कायले लिहत बसतेस?" मी वही मिटली. ही पहिली चूक.

डिसेंबरात सकाळी, १२ अंशांच्या थंडीत, भाऊ फुल थ्रॉटलवर असताना इंजिन जाम झालं. ऑटोमॅटिक क्लच सुटला म्हणून मागचं चाक अडकलं नाही. नाहीतर तो तोंडावर पडला असता.

झालं काय होतं? दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ४४ अंश म्हणजे ३१७ केल्विन, १२ अंश म्हणजे २८५. म्हणजे सकाळची हवा सुमारे ११ टक्के दाट. साध्या कार्ब्युरेटरमध्ये मात्र पेट्रोल घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे साडेपाच टक्केच. मिश्रण तेवढं पातळ झालं. पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलसोबतच येतं, म्हणून वंगणही कमी. त्यात जेट आधीच लहान. तापमान हा चल आमच्या हिशोबातच नव्हता.

इंजिन दुरुस्त करून नव्याने सुरुवात केली. यावेळी नियम ठरवले:

१. एका वेळी एकच बदल.

२. चुन्याने आखलेले १०० मीटर, तोच चालक, तेवढीच टायरची हवा, तेच ऑइलचं प्रमाण, इंजिन आधी गरम केलेलं.

३. आधी काहीही न बदलता पाच फेऱ्या. त्यातच जवळपास एका सेकंदाचा फरक निघाला! म्हणजे त्याहून लहान 'सुधारणा' दिसली तरी ती बदलामुळेच झाली असं म्हणता येत नाही.

४. क्रम जुना-नवा-नवा-जुना. ऊन हळूहळू चढत जातं, त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

५. प्रत्येक फेरीला वेळ, तापमान आणि प्लगचा रंग वहीत. पांढरा दिसला की तिथेच थांबायचं.

निकाल? पिकअप जवळजवळ सगळा स्प्रॉकेटचा होता. लहान जेटने पडलेला फरक त्या एका सेकंदाच्या आतच राहिला. ज्या बदलाचं आम्ही सात महिने कौतुक केलं, त्याने फायदा दिलाच नाही, उलट पिस्टन खाल्ला. मूळ जेट परत बसवला, प्लग तपकिरी झाला.

तुमचा विषय रसायनशास्त्र असो की समाजशास्त्र, सिनॉप्सिस लिहिताना दोन प्रश्न स्वतःला विचारा. मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलतोय का? आणि काहीच बदललं नाही, तर माझं मोजमाप किती हलतं? दुसऱ्याचं उत्तर मुलाखतीत फार कमी विद्यार्थ्यांकडे असतं. तुमच्याकडे असू द्या.

आणि वही मिटू नका.