पापडीची टोपली आणि कमलाबाईंचं शास्त्र

थंडी पडली की सुरतेच्या बाजारात पापडीचे ढीग लागतात आणि घरोघरी उंधियूची तयारी सुरू होते. शेंग उचलायची, टोक मोडून कडेची शीर ओढायची, दोन्ही अंगठ्यांनी उकलायची, कीड आहे का बघायचं आणि दाणे वेगळे काढायचे. आपण हे गप्पा मारता मारता करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मात्र त्यात अंगठ्या-तर्जनीची चिमूट दिसते, दोन हातांचा मेळ दिसतो, नजर आणि पारख दिसते, शिवाय टेकू न घेता बसून राहण्याची ताकद. पक्षाघातानंतर डाव्या हातात जोर उरला नसेल, तर शेंग नुसती धरून ठेवायचं काम त्या हाताला द्यायचं आणि ओढायचं उजव्याला. सकाळी बोटं आखडत असतील तर टोपली दुपारी पुढ्यात ठेवायची. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना सूचनांवर सूचना द्यायच्या नाहीत. एक शेंग त्यांच्यासमोर सोलायची आणि दुसरी त्यांच्या हातात द्यायची. भाजी एकच, पण काम ज्याच्या-त्याच्या बेताचं.

ही नजर आपल्याकडे शास्त्र म्हणून रुजवली ती कमलाबाई निंबकरांनी. माहेरच्या त्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या, क्वेकर घरातल्या. विष्णू निंबकरांशी १९३० मध्ये लग्न झालं आणि त्या कमला होऊन इथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं, शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये या उपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. इंग्लंड-अमेरिकेच्या पंगतीला बसण्याइतका हा व्यवसाय इथे मोठा होता असं नव्हे. बाईंचा उरक मोठा होता. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सून. मराठी माणसाला कमलाबाईंचं नाव आज माहीत असलंच, तर ते फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे. त्यांनी आणलेला उपचार मात्र अजूनही लोकांना फिजिओथेरपीचा धाकटा भाऊ वाटतो.

वृद्धाश्रमात या उपचाराची सुरुवात हस्तकलेपासून होत नाही. ती होते आंघोळ, कपडे आणि जेवणापासून. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत सरकवायचा, काढताना तो शेवटी काढायचा. एवढं शिकवलं तरी एखादे काका चार महिन्यांनी स्वतःचा सदरा स्वतः घालू लागतात. चमच्याच्या दांड्यावर जाड फडकं किंवा फोमची नळी गुंडाळली की संधिवाताच्या बोटांना तो पकडता येतो. परदेशात अशा रुग्णांसाठी उभ्या कडेची खास ताटली विकत मिळते. आपली स्टीलची थाळी मुळातच तशी आहे, भात कडेला टेकवून उचलता येतो. यात वेळ जातो, आणि खरी अडचण तीच आहे. भरवायला दहा मिनिटं लागतात, स्वतः जेवू द्यायला चाळीस. एका सेवकाकडे पंधरा जण असले की तो भरवून मोकळा होतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

कायदाही इथे फारसा कामाला येत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी केलेला २००७ चा कायदा जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा म्हणतो. तिथल्या सेवांमध्ये वैद्यकीय देखभालीबरोबर करमणुकीची साधनं धरली आहेत. मग टीव्ही येतो, कॅरम येतो, संध्याकाळी भजन होतं, कुणाच्या तरी वाढदिवसाला दाते येऊन केक कापून जातात. भजनाला माझी हरकत नाही. पण लॉस एंजेलिसमध्ये ३६१ ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथे आठवतो. एका गटाला नऊ महिने व्यवसायोपचार दिला, दुसऱ्याला नुसते करमणुकीचे सामूहिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाची तब्येत आणि मनःस्थिती उरलेल्या दोघांपेक्षा बरी राहिली. कार्यक्रमवाला गट मात्र काहीच न मिळालेल्या गटापेक्षा पुढे गेला नाही.

सुरतेत हा विचार करायला वेगळंच कारण आहे. हे शहरच हातांवर चालतं. लिंबायत, उधना, डिंडोलीत जळगाव-धुळे-नंदुरबारहून आलेली खानदेशी माणसं लूमच्या खात्यांत राबली. धडधडाटात कान गेले, पण तुटलेल्या तारेला गाठ मारायची बोटांची सवय गेली नाही. बायकांनी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवल्या, लेस लावली, धागे कापले. कुणी हिऱ्याला पैलू पाडायच्या घंटीवर नजर झिजवली. असल्या माणसापुढे रंगखडू आणि बदकाचं चित्र ठेवलं तर तो मान फिरवणारच. त्याला सुतळीची गुंडी द्या, गाठींची पिशवी विणायला सांगा. बघता बघता तो शेजारच्याची गाठ सैल आहे म्हणून वाद घालू लागेल, आणि थेरपिस्टला नेमकं तेच हवं असतं.

इथे एक धोका आहे, आणि सुरतेत तो खराच आहे. धागे कापायचं काम नगावर मिळतं. उपचाराच्या नावाखाली आश्रमात साड्यांचे गठ्ठे येऊ लागले आणि महिन्याचा हिशेब नगांवर ठरू लागला, की म्हाताऱ्यांचा कारखाना व्हायला वेळ लागणार नाही. उपचारात काम माणसासाठी निवडायचं, त्याला नको असेल तेव्हा थांबवायचं, आणि पैसे आलेच तर ते त्याच्या हाती द्यायचे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात १९५१ पासून कुष्ठरुग्णांनी विहिरी खणल्या, भाजी पिकवली. वरोऱ्यात सुरुवातीला ती भाजी कुणी विकत घेईना. पुढे लोक घेऊ लागले, तेव्हा त्या हातांना गिऱ्हाईक मिळालं. आश्रमातल्या वृद्धाचं गिऱ्हाईक एवढ्या लांबचं असायचीही गरज नाही. त्याने निवडलेली डाळ त्या रात्री सगळ्यांच्या वाटीत पडली तरी चालतं.

प्रत्येक आश्रमाला पूर्णवेळ थेरपिस्ट परवडणार नाही. आठवड्यातून एकदा येऊन कुणाला काय द्यायचं हे ठरवून देणारा, आणि सेवकांना ते शिकवणारा एक जण मिळाला तरी बरंच साधतं. बाकीचं प्रवेशअर्जापासून सुरू करता येईल. आजार, औषधं आणि मुलाचा फोन नंबर यांच्याखाली आणखी दोन ओळी सोडाव्यात: आयुष्यभर कोणतं काम केलं, आणि कोणतं काम पुन्हा अजिबात करायचं नाही. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. चाळीस वर्षं रोज शंभर पोळ्या लाटलेल्या बाईला आपण ‘उपचार’ म्हणून पोळपाट देऊन बसू, आणि ती बिचारी संकोचून लाटत राहील.