प्राण्यांचे संरक्षक वर्ण

- मायावरण : अंगाचा रंग व आकृती पार्श्वभूमीशी एकरूप होऊन भक्षकाची नजर चुकविणे, सह्याद्रीतील पर्ण-फुलपाखरू पंख मिटताच शिरांसकट वाळक्या पानाचे हुबेहूब रूप धारण करते.
- प्रतिच्छाया : पाठ गडद, उदर फिकट, वरून पडणाऱ्या प्रकाशाने शरीरास येणारा उठाव त्यायोगे लोपतो. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी १८९६ मध्ये हे तत्त्व विशद केले.
- इशारावर्ण : विषारी वा बेचव प्राण्यांचे ठळक, भडक रंग, एकदा अनुभव घेतलेला भक्षक त्यांच्या वाटेस सहसा जात नाही.
- बेट्सीय अनुकृती (१८६२) : निरुपद्रवी जातीने अखाद्य जातीचा वेष घेणे, कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या काही माद्या कॉमन रोझसारख्या दिसतात.
- म्युलरीय अनुकृती (१८७८) : परस्परसदृश अशा दोन्ही जाती अखाद्य असतात, भक्षकास धडा मिळेपर्यंत होणारी हानी उभयतांत विभागली जाते.