पेरॉक्साइडचे मान आणि ‘औषध’ या शब्दाची व्याप्ती

पारोळ्याच्या परिसरात, बोरी नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर, शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘औषध’ हा एकच शब्द अनेक कामे करतो. कपाशीवर औषध मारतात, बैलाच्या सोललेल्या खांद्याला औषध लावतात, ठिबकच्या नळ्यांतूनही औषधच सोडतात. मारणे, लावणे, सोडणे या क्रियापदांनी कृतीचा भेद नेमका दाखविला जातो. द्रव्याचा आणि त्याच्या तीव्रतेचा मात्र नाही. बहुतेक द्रव्यांच्या बाबतीत ही उणीव निभावून जाते, कारण प्रत्येकाची बाटली वेगळी आणि उपयोग वेगळा असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाबतीत ती निभावत नाही. जखम धुणे, नळ्यांतील शेवाळी चिकटा काढणे, मुळांशी प्राणवायू पुरविणे अशा परस्परांहून दूर असलेल्या कामांसाठी हेच एक द्रव्य सुचविले जाते, आणि दर कामी त्याचे मान निराळे असते.

हे द्रव्य लुई झाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1818 साली प्रथम सिद्ध केले. त्याने दिलेल्या नावाचा अर्थ ‘प्राणवायुयुक्त पाणी’ असा होतो, व ते वर्णन अयथार्थ नाही. पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू असतो, येथे दोन. हा दुसरा अणू सैल असतो. तो सुटला की मागे केवळ पाणी उरते. या द्रव्याचा गुण आणि दोष दोन्ही येथूनच उद्भवतात. ते मागे विषारी अवशेष ठेवीत नाही, पण भेटेल त्या पहिल्या सेंद्रिय पदार्थावरच खर्ची पडते.

मानाचा घोटाळा मात्र भाषेचा आहे. बाटलीवर कधी टक्के लिहिलेले असतात, कधी ‘व्हॉल्यूम’. ‘10 व्हॉल्यूम’ याचा अर्थ असा की एक लिटर द्रावणातून सुमारे 10 लिटर प्राणवायू निघेल. हे द्रावण साधारण 3 टक्क्यांचे भरते. त्याच हिशेबाने 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के आणि 100 व्हॉल्यूम म्हणजे 30 टक्के. अर्थात, कारखान्यातून येणाऱ्या 50 टक्क्यांच्या पिंपावरील आकडा कोणी व्हॉल्यूम समजून वाचला, तर तो द्रव्य आपल्या समजुतीपेक्षा तिपटीहून अधिक तीव्र वापरील. इतके तीव्र द्रव्य कातडी भाजते; कापूस, कडबा, गोणपाट यांवर सांडल्यास पेट घेण्याचाही धोका असतो. ‘व्हॉल्यूम’ या शब्दापुढे मराठीत ‘पट वायू’ एवढे जरी छापले, तरी हा धोका पुष्कळ टळेल. परिभाषा म्हणजे केवळ प्रतिशब्द घडविणे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी घ्यावे.

जखमेवर पेरॉक्साइड ओतताच फेस येतो. फेस दिसला की औषध लागू पडले असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः रक्तातील व पेशींतील कॅटलेज नावाचे विकर पेरॉक्साइडचे विघटन करीत असते, आणि फेस ही त्या विघटनाची खूण होय. फेसाबरोबर माती व सडका अंश वर येतो, हा लाभ खरा. तथापि रोज रोज तेच केल्यास नव्या पेशींनाही इजा पोहोचते व जखम भरण्यास विलंब लागतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला, तेव्हा फुटलेल्या गाठींच्या जखमा निगा राखून धुणे हे घरोघरचे काम होऊन बसले होते. अशा वेळी पहिल्या सफाईस सौम्य द्रावण पुरते. पुढे मिठाचे पाणी बरे. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत पिचकारीने ते कधीही सोडू नये, कारण कोंडलेला वायू रक्तवाहिनीत शिरून जनावर दगावू शकते.

आणखी एक गोष्ट. खुरे धुण्यास पोटॅशियम परमँगनेट वापरतात. ‘परमँगनेट’ आणि ‘पेरॉक्साइड’ या दोहोंच्या आरंभी एकच लॅटिन उपसर्ग आहे, प्राणवायूचे आधिक्य दाखविणारा. नावे भावकीतली असली तरी ही द्रव्ये एका भांड्यात नांदत नाहीत: एकत्र आली की जोराने वायू सुटतो आणि दोन्ही वाया जातात. ब्लीचिंग पावडरचीही तीच कथा. ठिबकच्या नळ्यांत आज क्लोरीन आणि उद्या पेरॉक्साइड सोडावयाचे असेल, तर मध्ये स्वच्छ पाणी वाहू द्यावे लागते. शिवाय पेरॉक्साइडने जातो तो सेंद्रिय चिकटा. क्षाराचा पांढरा थर जावयास आम्लच हवे.

मुळांना प्राणवायू देण्याची कल्पना सर्वांत आकर्षक आहे. दीर्घ ताणानंतर जोराचा पाऊस झाला की काळ्या जमिनीतील कपाशी एकाएकी मान टाकते. यास आकस्मिक मर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी भारी चिकण मातीत पेरॉक्साइडने वा हवा मिसळून पाणी दिले असता पिकांस लाभ झाल्याचे 2004 साली प्रसिद्ध केले. परंतु हिशेब करून पाहावा. उन्हाळी पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तितकाच आणखी देण्यास 3 टक्के द्रावण लिटरमागे अर्ध्या मिलिलिटरहून थोडे अधिक लागते. एका एकरावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे 40 हजार लिटर. त्यास हे द्रावण सुमारे 23 लिटर हवे. त्यातही मातीतील जंतू बराच अंश वरच्या थरातच फोडतात. तुंबलेल्या शेतात आधी चर काढून पाण्याला वाट देणे, हा जुना उपाय त्यामानाने पुष्कळ स्वस्त पडतो.

दुधाचा प्रश्न निराळा. दुधात लॅक्टोपेरॉक्सिडेज हे विकर मुळातच असते. त्यास थायोसायनेट व अत्यल्प पेरॉक्साइड यांची जोड दिल्यास, 30 अंश सेल्सियसला दूध सात-आठ तास टिकते. जेथे शीतकरण शक्य नाही अशा प्रदेशांसाठी कोडेक्स आयोगाने 1991 साली याचे मार्गदर्शक नियम केले. त्यांत पेरॉक्साइडचे प्रमाण दहा लक्ष भागांत दहाहूनही कमी आहे. खानदेशातील चाळिशीपार उन्हाळ्यात हा मोह समजण्याजोगा असला, तरी भारतात दुधात पेरॉक्साइड घालण्यास मुभा नाही. ती भेसळच ठरते. पोटॅशियम आयोडाइड व स्टार्च यांच्या योगाने असे दूध निळे पडते. मात्र ही परीक्षा दूध ताजे असतानाच करावी लागते, कारण काही तासांत पेरॉक्साइड विघटित होऊन पुरावा पाण्यात मिसळून गेलेला असतो.