ऐक्य आणि स्वातंत्र्य

राष्ट्रवादाने जर्मन राज्य घडविले आणि राष्ट्रवादानेच ते धुळीस मिळविले, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान खोटे नाही. पण अपुरे आहे. कोणत्या राष्ट्रवादाने काय केले, हा प्रश्न त्यात सुटून जातो, आणि आमच्या मते खरा बोध त्याच प्रश्नात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन भाषा होती, गटे-शिलरचे वाङ्मय होते. जर्मन राज्य मात्र एक नव्हते, अनेक होती. फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये ठाण मांडून असताना, १८०७-०८ च्या हिवाळ्यात, फिश्टे या तत्त्वज्ञाने आपल्या व्याख्यानांतून जर्मन राष्ट्राला साद घातली. परचक्रात जागी झालेली ही भावना १८४८ साली फ्रँकफुर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये भरलेल्या राष्ट्रसभेत मूर्त झाली. त्या लोकनियुक्त सभेने काळा-तांबडा-सोनेरी ध्वज स्वीकारला आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद तयार केली. सभा निर्दोष होती असे नव्हे. पोझेन प्रांतातील पोलिश लोकांना तोच न्याय लावण्यास तीही कचरली. तरीही ऐक्य आणि स्वातंत्र्य ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, हे तिने ओळखले होते. १८४९ साली तिने देऊ केलेला सम्राटपदाचा मुकुट प्रशियाच्या राजाने नाकारला. प्रजेच्या हातून मुकुट घेणे त्याला कमीपणाचे वाटले.

सभेला जे साधले नाही ते बिस्मार्कने डेन्मार्क, ऑस्ट्रिया व फ्रान्स यांच्याशी तीन युद्धे करून साधले. १८ जानेवारी १८७१ रोजी साम्राज्याची घोषणा झाली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, राजेरजवाडे आणि सेनाधिकारी यांच्या मेळाव्यात. ध्वजही बदलला. प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला खरा. पण चॅन्सलर उत्तरदायी होता तो सम्राटाला, लोकप्रतिनिधींना नव्हे. वरून लाभलेल्या ऐक्याला घरातच शत्रू शोधण्याची खोड लागते. कॅथलिक, समाजवादी, पोलिश अशी एकेकाची पाळी आली. वायमार प्रजासत्ताकाने १९१९ साली उभारलेला जुना ध्वज १९३३ साली उतरविला गेला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्या ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले, त्यांत पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले सैनिकही होते. रक्त हीच कसोटी ठरली की निष्ठेला मोल उरत नाही. त्या वाटेचा शेवट साठ लक्ष ज्यूंच्या संहारात झाला.

१९४९ साली पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्याने पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय ठरविली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन जर्मन राज्ये एक झाली ती १८४८ च्याच ध्वजाखाली, आणि रणांगणावर न जाता. २००० सालापासून परकीय आईबापांच्या, पण जर्मनीत जन्मलेल्या मुलांनाही काही अटींवर जन्मतः नागरिकत्व मिळू लागले.

राष्ट्राभिमान हा दोष नव्हे. परंतु आपला कोण आणि परका कोण, हे ठरविण्याचा निरंकुश अधिकार ज्याच्या हाती जातो, त्याच्या हाती राष्ट्रही जाते. हे सत्य कळण्यासाठी जर्मनीने आणि तिच्याबरोबर साऱ्या युरोपने भयंकर किंमत मोजली. इतरांनी ते पुन्हा तीच किंमत मोजून शिकावे, याला काही कारण नाही.