हस्तिदंताची पारख

सैबेरियाच्या उत्तर भागातील जमीन वर्षानुवर्षे गोठलेली असते. उन्हाळ्यात नद्यांचे काठ थोडे वितळून ढासळू लागले, की त्यांतून कधी कधी लांबलचक, वळणदार सुळे बाहेर डोकावतात. हे सुळे मॅमथ नावाच्या केसाळ प्राण्याचे होत. मॅमथ हा आजच्या हत्तीचा जवळचा नातलग. त्याचे शेवटचे कळप उत्तर महासागरातील रँगल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले. जो प्राणी आज पृथ्वीवर नाही, त्याची शिकार होणे शक्य नाही. म्हणून अनेक देशांत मॅमथच्या सुळ्यांचा व्यापार उघडपणे चालतो.

हत्तीच्या सुळ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या लोभाने हत्तींची इतकी कत्तल झाली, की १९८९ साली अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन आफ्रिकी हत्तीच्या सुळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरविले. आशियाई हत्तीला हे संरक्षण १९७५ पासूनच मिळालेले होते. भारताने १९८६ साली देशी हस्तिदंताचा आणि १९९१ साली आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार कायद्याने बंद केला. परंतु हत्तीचा आणि मॅमथचा सुळा एकदा कापून, कोरून, घासून गुळगुळीत केला, की नुसत्या डोळ्यांना त्यांतील भेद कळत नाही. लबाड व्यापारी याचाच फायदा घेतात. नुकत्याच मारलेल्या हत्तीचा सुळा मॅमथचा म्हणून बंदरातून पार होतो. जकात-अधिकाऱ्याच्या हाती पडलेली बांगडी कोणत्या प्राण्याच्या दातापासून घडविली आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर अशा रीतीने रानातील हत्तींचे प्राण अवलंबून असतात.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, अशी म्हण आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अगदी खरी आहे. हत्तीच्या खायच्या दाढा तोंडात लपलेल्या असतात. दाखवायचे दात म्हणजे वरच्या जबड्यातील पटाशीचे दात होत आणि ते जन्मभर वाढत राहतात. हत्ती आणि मॅमथ यांच्याप्रमाणे पाणघोड्याचे, वॉलरसचे आणि काही देवमाशांचे दातही कोरीव कामासाठी वापरले जातात. हे सर्व दात मुख्यतः एकाच द्रव्याचे बनलेले असतात. त्यात निम्म्याहून अधिक वजन कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या खनिज स्फटिकांचे असते. उरलेला भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा आणि थोड्या पाण्याचा असतो. मातीच्या भिंतीत गवताच्या काड्या मिसळल्या म्हणजे भिंत तडकत नाही. दातात खनिज हे मातीचे काम करते आणि कोलॅजेनचे तंतू काड्यांचे. द्रव्य तेच असले, तरी त्याचे प्रमाण आणि त्याची बारीक घडण प्राण्याप्राण्यांत थोडी भिन्न असते. सारी परीक्षा या थोड्याशा भिन्नतेवर चालते.

जुनी परीक्षा डोळ्यांची आहे. हत्तीचा सुळा आडवा कापला, तर त्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधील कोन मोजतात. आजच्या हत्तींत तो साधारणपणे ११५ अंशांहून मोठा, तर मॅमथमध्ये ९० अंशांहून लहान आढळतो. कोनमापकाने होणारी ही परीक्षा खरोखरच सुंदर आहे! पण तिला आडवा काप आणि सुळ्याची बाहेरची कड लागते. एखाद्या लहानशा मण्यात ती कड शिल्लक नसते. मॅमथच्या सुळ्यावर कधी कधी निळसर-हिरवे डाग दिसतात. जमिनीतील लोह दातातील फॉस्फेटशी संयोग पावून ते बनतात. तथापि प्रत्येक सुळ्यावर ते असतीलच, असे नाही.

जेथे डोळ्यांचे चालत नाही, तेथे रसायनशास्त्र पुढे होते. त्यातील एका रीतीचा उगम भारतातच झालेला आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाचा एक नवा गुण शोधून काढला. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पडून विखुरला, की त्यातील अगदी अल्प अंशाचा रंग किंचित बदलतो. हा बदल त्या पदार्थातील रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक पदार्थ विखुरलेल्या प्रकाशात जणू आपली स्वाक्षरी करून ठेवतो. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल आणि लँकेस्टर येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील सुळ्यांवर लेसर किरण टाकून हीच स्वाक्षरी तपासली. हत्ती आणि मॅमथ यांच्या दातांतील खनिज आणि कोलॅजेन यांच्या खुणा त्यांना निरनिराळ्या आढळल्या. या परीक्षेला काही मिनिटे पुरतात आणि वस्तूला ओरखडाही उठत नाही. अर्थात, येथे दिसणारा सर्व फरक केवळ जातीचा म्हणता येणार नाही. मॅमथचा सुळा हजारो वर्षे जमिनीत पडून राहिलेला असतो आणि तेवढ्या काळात त्यातील कोलॅजेन झिजते. दात आपल्या धन्याचे नाव सांगतो, तसे आपले वयही सांगतो.

दुसरी रीत कोलॅजेनवरच अवलंबून आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पाणघोडा, वॉलरस, हत्ती यांच्या साखळ्यांत काही कड्या निरनिराळ्या असतात. प्रयोगशाळेत दाताच्या चिमूटभर चुऱ्यातील कोलॅजेन एका पाचक द्रव्याने ठराविक जागी तोडतात आणि त्याच्या तुकड्यांची वजने अतिशय सूक्ष्म यंत्राने घेतात. वजनांच्या त्या मालिकेवरून प्राणी ओळखू येतो. इंग्लंडमधील मायकेल बकली आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ही रीत पुरातन हाडांसाठी मांडली. प्राणी परस्परांपासून दूरचे असतील, तर ती उत्तम चालते. जवळच्या नातलगांच्या साखळ्या मात्र फारच सारख्या असतात.

प्राणी हत्तीच आहे असे सिद्ध झाले, तरी व्यापाऱ्याजवळ आणखी एक सबब असते. हा दात बंदीपूर्वीचा, वाडवडिलांच्या साठ्यातील आहे, असे तो सांगतो. या सबबीची तपासणी कार्बनवरून करता येते. १९५० नंतरच्या काळात उघड्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या. त्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि त्या चाचण्या थांबल्यावर तो वर्षावर्षाने कमी होत गेला. झाडे हवेतून कार्बन घेतात, हत्ती झाडपाला खातो, आणि त्या त्या वर्षाचा कार्बन सुळ्याच्या थरांत साठतो. सुळ्याच्या मुळाशी असलेला थर सर्वांत नवा असतो. त्यातील कार्बन मोजला म्हणजे हत्ती केव्हा मेला, हे समजते. २००२ ते २०१४ या काळात जप्त केलेल्या मोठ्या साठ्यांतील २३१ नमुने शास्त्रज्ञांनी अशा रीतीने तपासले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ९० टक्के नमुने जप्तीपूर्वी तीन वर्षांच्या आत मेलेल्या हत्तींचे होते.