प्रबंध दिसतो, तालीम दिसत नाही

‘पोर्टफोलिओ’ हा शब्द आपल्याला वर्तमानपत्रात भेटतो तो मंत्र्यांच्या खात्यामुळे, नाहीतर शेअर बाजारामुळे. कोल्हापूरच्या चित्रकारांना मात्र त्याचा जुना अर्थ ठाऊक आहे : आपल्या कामाचे निवडक नमुने बांधून ठेवलेले बाड. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर आबालाल रहिमान यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे या गावात अजून सांगतात. खरेखोटे असो, पण बाड बुडाले की काय बुडते, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको.

असेच बाड पीएच. डी.च्या विद्यार्थ्याने बाळगावे आणि त्यावरून त्याचे शिकणे जोखावे, असा एक विचार आहे.

शिवाजी विद्यापीठातला इतिहासाचा एखादा विद्यार्थी घ्या. संस्थानची दफ्तरे पाहायला तो पुरालेखागारात जातो. आधी मोडी शिकायची. सुरुवातीला एका कागदावर दिवस जातो. चुकीचे लागलेले अक्षर, मार्गदर्शकांनी खोडलेला मसुदा, कागदच मिळेना म्हणून बदललेला प्रश्न. छापील प्रबंधात यातले काही उरत नाही. खासबागेतली कुस्ती सारा गाव पाहतो, तालमीतली मेहनत वस्ताद पाहतो. घरी तर एकच विचारणा : ‘अगं, संपलं का तुझं?’

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन वर्षे, दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, शेवटी बाहेरचे परीक्षक आणि तोंडी परीक्षा आहे. म्हणजे मधेअधे पाहणे आहेच. पण समितीपुढे माणूस झालेले काम मांडतो, अडलेले लपवतो. बाडात तारखेसह टिपणे असतात, पहिला मसुदा आणि पाचवा शेजारी असतात, आणि मधला फरक का पडला हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असते. आता संगणकच पानेच्या पाने लिहून देऊ लागला आहे. अशा वेळी विचार कोणाचा, हे तपासायला या खाडाखोडीइतका चांगला साक्षीदार नाही.

धोकाही आहे. प्रात्यक्षिकांची जर्नले आदल्या रात्री कशी भरतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे! बाडाचे तसे झाले तर आणखी एक फाईल, आणखी एक सही. शिवाय चुका लिहायच्या त्या मार्गदर्शकासाठी, आणि शेरा देणाराही तोच. मग खरे कोण लिहील? म्हणून माझ्या मते सगळे बाड गुणांसाठी नसावे. विद्यार्थ्याने निवडून दिलेली पाने पाहावीत, त्यांवर तासभर समोरासमोर बोलावे. उरलेली वही त्याची त्याच्याकडे राहू द्यावी.

प्रबंध ‘शोधगंगे’वर कोणालाही वाचता येतो. मोडीतल्या अडलेल्या अक्षरांची वही मात्र माळ्यावर जाते, आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच दफ्तरापुढे पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसतो.