तासांचा रकाना

सकाळी 6

चार दिवसांची झड आज उघडली. तिची सायकल अंगणात भिंतीला टेकवलेली, चाकांना बोटभर चिखल. ती म्हणजे आमच्या खादी केंद्रात सहा आठवड्यांसाठी आलेली हॉलंडची विद्यार्थिनी. माझ्याच घरी वरच्या खोलीत राहते. तिच्या विद्यापीठात 'सोशल एंटरप्राइज' असा विषय आहे. सुट्टीत परदेशातल्या एखाद्या संस्थेत इंटर्नशिप करून आलं की त्याचे गुण मिळतात. वर्ध्याला कोणी परदेश म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण तिच्या कागदांवर तसंच लिहिलंय.

परवा तिचं विमान. आज रात्री मला तिचा दोन पानी फॉर्म भरून सही करून द्यायचाय. पहिलाच प्रश्न : विद्यार्थिनीने संस्थेसाठी एकूण किती तास काम केले? चहा उकळेपर्यंत मी विचार केला, आज खरंच मोजू. सूत नोंदवहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. एकात तिचे आमच्यासाठीचे तास, दुसऱ्यात आमचे तिच्यासाठीचे. फॉर्ममध्ये हा दुसरा रकाना नाही.

सकाळी 8:30

केंद्राचं कुलूप उघडलं. दार फुगलंय, खांदा लावावा लागतो. आधी पेटीतल्या गुंड्यांना हात लावून पाहिला, दमट आहेत. एक गुंडी म्हणजे हजार मीटर सूत. कातणारीला मजुरी मिळते ती गुंडीवर, तासावर नाही.

नऊ वाजता आठपैकी तिघीच आल्या.

"बाकीच्या?"

"निंदाले गेल्या ताई. उघाड भेटली, मंग कोण बसन चरख्यावर?"

बरोबर आहे. चार दिवसांच्या पावसानंतर पराटीत आणि सोयाबीनमध्ये गवत माजलेलं असतं. शेतमालक सकाळी ऑटो घेऊन दारात उभा राहतो आणि संध्याकाळी रोख देतो. आमची गुंडी महिन्याअखेरीला पैसे देते.

युरोपातल्या कॉलेजांना सुट्टी लागते नेमकी याच दिवसांत. म्हणून पोरं येतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, केंद्र अर्धं रिकामं असताना. दिवाळीनंतर कापूस घरी येतो, हवा कोरडी होते, आठही चरखे फिरतात, तेव्हा त्यांच्या परीक्षा असतात. पहिल्या आठवड्यात हिने मला विचारलं होतं, "बायका गैरहजर का राहतात? काही प्रोत्साहन योजना आखू का?" मी तिला दुसऱ्या दिवशी देवळी रस्त्यावरच्या एका शेतात पाठवलं. दोन तास खुरपं चालवून आली. तळहातावर फोड घेऊन आली, योजनेचं नाव परत काढलं नाही.

आजची नोंद : गुंड्या मोजून वहीत उतरवल्या, तिचा अर्धा तास. आकडे देवनागरीत कसे लिहायचे ते पुन्हा दाखवलं, आमची दहा मिनिटं.

सकाळी 10:30

रंगाच्या शेडमधून हाक आली, "ताई, लवकर या!"

पिवळ्या रंगाची ऑर्डर होती. डाळिंबाच्या सालीचा काढा काल रात्रीच उकळून गाळून ठेवला होता, सूत तुरटीच्या पाण्यातून काढलेलं होतं. स्टीलचं पातेलं रिकामं नव्हतं, म्हणून तिने काढा घमेल्यात ओतला आणि गुंड्या बुडवल्या. ते घमेलं काळा रंग बनवायचं. त्यात आम्ही लोखंडाचं भंगार गुळाच्या पाण्यात भिजत ठेवतो. डाळिंबाच्या सालीतल्या तुरटपणाला लोखंड भेटलं की पिवळा टिकत नाही. पाच मिनिटांत सगळं सूत भिजवलेल्या मेंदीसारखं झालं.

तिला तो रंग फार आवडला. "सुंदर आहे ना!" म्हणाली. सुंदर होताच. पण गिऱ्हाइकाला पिवळा हवा होता, आणि लोखंड एकदा सुतात बसलं की धुऊन निघत नाही.

रंगकाम करणारी मावशी कपाळावर हात मारून बसली. मग म्हणाली, "तिची काय चूक व्हय? सगळी घमेली सारखीच दिसतात बापा." चूक माझीच. कुठलं भांडं कशाचं, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक असल्यामुळे आम्ही ते कुठेच लिहिलेलं नाही. नवीन माणसाला ते कुठून कळणार? तिने लगेच मार्कर घेतला आणि घमेल्यावर मोठ्या अक्षरात 'काला' लिहिलं. हिंदीत, कारण तिचं मोबाइलवरून शिकलेलं ज्ञान तेवढंच.

नोंद : तिचा सव्वा तास. आमचे दोघींचे मिळून तीन, नवीन सूत भिजवण्यापासून.

दुपारी 12

ऑफिसचं काम. तिची वाट पाहणाऱ्या कागदांत सगळ्यात वर अजून तिच्या मुक्कामाच्या नोंदीची प्रत आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, मग तो हॉटेलात उतरो की माझ्या वरच्या खोलीत. ती आली त्या रात्री नेट बंद होतं. मी आणि माझा भाचा दोन वाजेपर्यंत बसलो होतो. शिवाय ती उतरली होती सेवाग्राम स्टेशनला आणि मी उभी वर्धा स्टेशनवर. दोन्ही स्टेशनं एकाच शहराची, हे तिकीट काढणाऱ्या परक्या माणसाला कसं कळावं?

परदेशी माणसं वर्ध्याला नवी नाहीत. इंग्लंडच्या मॅडेलिन स्लेड गांधीजींकडे यायचं ठरवल्यावर लगेच निघाल्या नव्हत्या. वर्षभर तिकडेच तयारी केली, कातायला शिकल्या, जमिनीवर बसायला शिकल्या, मांसाहार सोडला. नोव्हेंबर 1925 मध्ये आल्या त्या मीराबेन झाल्या आणि 1959 पर्यंत भारतात राहिल्या. गांधीजी 1936 मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले, त्याआधी तिथे जाऊन राहिलेल्या त्याच. मार्जोरी साइक्स 1928 मध्ये मद्रासला शिकवायला आल्या आणि पुढे सेवाग्रामच्या नई तालीमच्या कामात रमल्या. त्यांच्या तासांचा फॉर्म कोणी भरला नसावा.

सहा आठवड्यांच्या मुलीची त्यांच्याशी तुलना करणं अन्याय आहे, हे मला कळतं. तिच्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, विमानाचं तिकीट तिने हॉटेलात बशा धुऊन काढलंय. पण 'मदत करायला आले' हे वाक्य ती पहिल्या दिवसापासून म्हणते, आणि मला दर वेळी विचारावंसं वाटतं, कोणाला?

दुपारी 1:30

डबे उघडले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, तिखटाचा गोळा, कांदा. पहिल्या आठवड्यात ती भाकरी चमच्याने खायचा प्रयत्न करायची. आता एका हाताने तुकडा मोडते. बायकांनी तिच्यासाठी गोरस भांडारातून गोरसपाक आणलाय, घरी न्यायला. सगळ्यांत वर्गणी काढून. शेतावर गेलेल्या पाच जणींनीही काल संध्याकाळीच आपला वाटा दिलेला.

"आई काय करते तुमची?" एकीने विचारलं. अर्धं हिंदी, अर्धं हातवारे. आई वृद्धाश्रमात नर्स आहे, तासावर पगार मिळतो, असं कळलं.

"तासावर?" मोठ्या मावशींनी घास थांबवला. "बसली तरी भेटते?"

"बसली तरी."

मावशी काही बोलल्या नाहीत. भाकरी संपवली आणि चरख्याकडे गेल्या.

दुपारी 2:30

हिला द्यायला काम उरलं नव्हतं. रंग पुन्हा चढवायचा तो उद्या. मीच वैतागून म्हटलं, "तू आज काही करू नकोस. मोठ्या मावशींजवळ बस आणि फक्त बघ."

तिने मोबाइलचं घड्याळ लावलं, मांडीवर वही घेतली. दोन रकाने : चाक फिरतंय, चाक थांबलंय. थांबलं तर का, ते पुढे.

आमचा चरखा आठ चात्यांचा. उजवा हात चाक फिरवतो. आठांपैकी एक धागा तुटला की जोडायला दोन्ही हात लागतात, म्हणजे एकीसाठी आठही चात्या थांबतात. कोरड्या दिवसांत हे कमी होतं. पावसाळ्यात पेळू दमट होतो, कापूस रुळांना गुंडाळला जातो, तो नखाने खरवडून काढावा लागतो, मग पुन्हा आठ टोकं जुळवा. भरलेल्या बॉबिनी काढा, रिकाम्या घाला.

"काय लिवून रायली वं?" मावशींनी विचारलं. "माया हात मोजते का चाक?"

"चाक," ती म्हणाली.

"चाकाचं काय मोजते? ते आपल्या मनानं थोडीच थांबते."

तासाभराने तिने बेरीज दाखवली. चाक फिरलं 38 मिनिटं, थांबलं 22 मिनिटं. त्या 22 मिनिटांत मावशी एकदाही रिकाम्या बसल्या नव्हत्या. एकदा पाणी प्यायल्या, तेवढंच. आणि फाळक्यावर सूत गुंडाळून गुंडी करायचा वेळ यात धरलेलाच नाही.

ते पान हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. कारण या केंद्राचा हिशेब मी लिहिते. दर जुलै-ऑगस्टमध्ये गुंड्या कमी भरतात, आणि दर वर्षी मी अहवालात एकच वाक्य लिहिते : पावसाळ्यात बायकांचे कामाकडे लक्ष नसते. हे वाक्य मी एखादा चरखा तासभर पाहून लिहिलेलं नाही.

दुपारी 4

चहा. पुन्हा आभाळ भरून आलं.

मी तिला 1935 ची गोष्ट सांगितली. गांधीजी तेव्हा वर्ध्यातच मगनवाडीत राहत होते. कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, ती तासाच्या हिशेबाने ठरली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. कार्यकर्ते घाबरले. मजुरी वाढली तर खादी महागेल, विकली जाणार नाही. शेवटी खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने तत्त्व मान्य केलं आणि दर वाढवले. इथून जवळच नालवाडीला विनोबांनी सूतकताईच्या मजुरीवर स्वतः जगून पाहिलं. बाईला काय परवडतं हे त्यांनी आपल्या ताटावर तपासलं.

आणि गांधीजींचे सहकारी कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. परत आल्यावर गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मातर तालुक्यात घरोघर फिरले, कोण काय पिकवतो, काय खातो, किती देणं आहे ते लिहून घेतलं. मगनवाडीतली तेलघाणी, हातकागद, मधमाश्या हे सगळं ग्रामोद्योग संघाचं काम 1934 नंतरचं. आधी वही होती. 'सोशल एंटरप्राइज' हा शब्द तेव्हा त्यांच्यापैकी कोणाला लागला नाही.

"म्हणजे मीही बघायलाच यायला हवं होतं?" तिने विचारलं.

मग विचारवंत इव्हान इलिचबद्दल सांगावं लागलं. 1968 मध्ये मेक्सिकोत त्यांनी अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं की इथे या, फिरा, शिका, डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका. तेच इलिच दहा वर्षांनी, जानेवारी 1978 मध्ये, सेवाग्रामला आले, बापूकुटीत बसले आणि त्या मातीच्या झोपडीकडून आपण काय शिकलो त्यावर बोलले. दुसऱ्यांना दिलेला सल्ला त्यांनी स्वतः पाळला, असं मला नेहमी वाटतं.

तिला राग आला. "मग सहा आठवडे मी तुमच्यावर ओझं होते?"

"सकाळी होतीस," मी म्हटलं. "अडीचनंतर नाही."

ती हसली नाही. वही मिटून रंगाच्या शेडकडे गेली, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर उरलेल्या सगळ्या भांड्यांवर नावं घालत होती. या वेळी शेजारी रंगकामवाली मावशी उभी राहून मराठी सांगत होती.

संध्याकाळी 6

कुलूप. आज तिघींच्या मिळून गुंड्या नेहमीपेक्षा कमीच. मावशींनी जाताना तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "ते कागद ताईजवळ देजो. संग नेऊ नको."

रात्री 9

फॉर्म समोर आहे. रकान्यांची बेरीज केली. आज तिचे सव्वासहा तास, त्यातला सव्वा तास मेंदीच्या रंगात गेला. आमचे तिच्यासाठी चार. सहा आठवड्यांची बेरीज केली तर पारडं कुठे झुकेल ते मला ठाऊक आहे. म्हणून ती केली नाही.

तासांच्या जागी 180 लिहिलं, आठवड्याला सहा दिवस, रोज पाच तास. विद्यापीठाला तेवढं पुरेल. पुढचा प्रश्न : विद्यार्थिनीच्या कामामुळे संस्थेत कोणता बदल घडला? इथे मागच्या वर्षी मी 'विक्रीसाठी छायाचित्रे काढली' असं लिहिलं होतं. या वेळी लिहिलं : तिने एक तास चरखा पाहिला. त्यामुळे आमच्या मजुरीच्या पद्धतीतली चूक दिसली. चूक दुरुस्त झाली की कळवू.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर वाटलं, हे आता माझ्यावर बंधन झालं. शनिवारच्या बैठकीत हे पान ठेवावं लागेल. कोणीतरी नक्की म्हणणार की दर वाढवला तर कापड विकणार नाही. तो मुद्दा खोटाही नाही. निदान पेळू कोरडे ठेवायची सोय आणि पावसाळ्याच्या महिन्यांपुरता गुंडीचा वेगळा दर, एवढ्यावर तरी बोलता येईल. पण एका बाईच्या एका तासावर दर ठरत नाही. आठही चरखे मोजावे लागतील, रोज, तेही बायका निंदणावरून आल्यावर.

सूत नोंदवही उघडली. नाव, तारीख, गुंड्या, रक्कम. उजव्या कडेला थोडी जागा होती. तिथे नवा रकाना करायला घेतला : थांबलेली मिनिटं. पट्टी केंद्रातच राहिली होती. मग तिच्या फॉर्मची कड पानावर टेकवली आणि रेघ मारली.